चौकशीचा फोन

न्यू जर्सीत एडिसनला माझा जुन्या गाड्यांचा धंदा आहे. ओक ट्री रोडवरची साड्यांची आणि मिठाईची दुकानं संपली की पुढे थोड्या अंतरावर माझा लॉट, म्हणजे गाड्या विकायला मांडलेलं आवार, लागतो. पुण्याहून, मुंबईहून, नागपूरहून कॉम्प्युटरच्या नोकरीवर आलेला मुलगा पहिला पगार झाला की माझ्याकडे येतो. मी मराठी बोलतो आणि मराठी माणूस फसवणार नाही, अशी त्याची समजूत असते. मी फसवत नाही हे खरं, पण त्याचं कारण मराठी नव्हे. या देशात जुन्या गाडीची कुंडली उघडी असते, हे कारण आहे. चासी नंबर कॉम्प्युटरवर टाकला की सगळं समोर येतं. गाडी कुठे ठोकली, पुरात बुडाली होती का, मीटर मागे फिरवलाय का, आजवर किती मालक झाले. मॅसॅच्युसेट्समध्ये आदळलेली गाडी रंग मारून ओहायोत नेऊन विकली, तरी आदळल्याची नोंद तिच्या मागोमाग ओहायोत पोचते.

माणसाची पोचत नाही. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती सांगायची तर भाचीची हकिगत सांगावी लागेल. नावं कुणाचीच लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी, अमरावतीची. केमिस्ट्रीत एमएस्सी. घरातल्या प्रत्येक डब्यावर मार्करनं नाव लिहायची तिला सवय. रव्याच्या डब्यावर 'रवा', आणि खाली 'बारीक'. तिचे वडील ती शाळेत असतानाच गेले, तेव्हापासून तिच्या बाबतीत मोठे निर्णय मामाला विचारून व्हायचे. मी इथे आलो तेव्हा माझं कुणी नव्हतं. गॅस स्टेशनवर पेट्रोल भरायला उभा राहिलो, लोकांच्या गाड्या धुतल्या, मग त्यांच्याच गाड्या विकायला लागलो. मला शिकवणारं कुणी नव्हतं, त्यामुळे माणूस बोलतो काय आणि लपवतो काय, हे मला स्वतःच शिकावं लागलं.

न्यूयॉर्कचे टॉवर पडले त्याच्या पुढच्या वर्षी भाचीसाठी स्थळ आलं. तिला मंगळ होता आणि वय अठ्ठावीस, म्हणून बहीण बिजवराला तयार झाली होती. मुलगा मूळचा पुण्याचा. आधी मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला होता, नुकताच ओहायोत डब्लिनला नोकरीवर गेला होता. पहिलं लग्न मोडल्याचं त्यानं स्वतःहून सांगितलं. म्हणाला, तिला इथलं मानवलं नाही, कुणाचाच दोष नाही. बहिणीला त्याचा हा प्रांजळपणा फार आवडला. मला नाही आवडला. एक छोटा डेंट स्वतःहून दाखवायचा, म्हणजे गिऱ्हाईक खाली वाकून गाडीचा सांगाडा बघत नाही, हे माझ्या धंद्यातला कालचा पोरगाही जाणतो.

म्हणून मी चौकशी केली. आपल्याकडे ती कशी करतात ते सगळ्यांना माहीत आहे. त्या गावातल्या मराठी मंडळाच्या कुणाचा तरी नंबर मिळवायचा, गावाकडची ओळख काढायची, हवापाण्याचं बोलायचं आणि मग हळूच विचारायचं. डब्लिनचे लोक म्हणाले, मुलगा नवीन आहे पण छान आहे, गणपतीत आरत्या खणखणीत म्हणतो. श्रूजबरीला एका वहिनींचा नंबर मिळाला. त्या रविवारी मुलांची मराठी शाळा घ्यायच्या आणि हा मुलगा त्यांच्याच अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर राहायचा.

मी विचारलं, मुलगा कसा आहे. हुशार आहे म्हणाल्या. मग स्वभावाचं विचारलं.

"भाऊ, चार भिंतींच्या आतलं आपल्याला काय माहीत? पॉटलकला सगळ्यांबरोबर जेवायला यायचा तेव्हा छानच बोलायचा."

"वहिनी, तुम्ही तुमची मुलगी दिली असती का?"

फोनवर इतका वेळ आवाज नाही, की मला वाटलं लाइन कट झाली. मग त्या हसल्या. "माझी मुलगी अजून मिडल स्कूलला आहे, भाऊ."

विकणारा असा गप्प झाला की मी त्या गाडीला हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन केला. वहिनी जरा चिडूनच म्हणाल्या, की पत्रिका जुळते ना, मग जमत आलेल्या लग्नात मी कशाला मोडता घालू, ते पाप माझ्या माथी नको. मी विचारलं, म्हणजे मोडता घालण्यासारखं काही आहे तर. तसं नाही हो, म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी बहिणीला फोनवर सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं.

"ती बाई नाही म्हणाली का?"

"नाही असं म्हणाली नाही."

"मग तू का म्हणतोस? दादा, तुला प्रत्येक माणूस चोरीची गाडी वाटतो."

मी दोनदा अडवायला बघितलं. दोन्ही वेळा बहीण रडली. माझ्या जिभेवर माझा ताबा नाही, मी काय काय बोललो ते ती अजून विसरलेली नाही. शेवटी पत्रिका छापायला गेल्यावर मी हात टेकले, आणि लग्नात मामा म्हणून अंतरपाटामागे भाचीला धरून उभाही राहिलो.

आहेर म्हणून मी तिला गाडी दिली. छोटी, जपानी, एकाच म्हातारीनं वापरलेली, माझ्या लॉटवरची सगळ्यात स्वच्छ गाडी. मुद्दाम तिच्या एकटीच्या नावावर केली. डब्लिनसारख्या गावात गाडी नसली तर बाई घरातल्या सोफ्यासारखी जिथल्या तिथे राहते, हे मला माहीत होतं. लग्नानंतर इथे आल्यावर पहिले चार आठवडे माझ्याकडे राहून तिनं लायसन्सही काढलं. पार्किंग शिकवताना मी ओरडलो की ती म्हणायची, "मामा, गाडीला ऐकू येतंय हं."

पुढच्या वर्षी गणपतीला दोघं त्याच गाडीनं एडिसनला आले. घरात आरती चालली होती, तो खरंच खणखणीत म्हणत होता. मी ऑइल बघायचं निमित्त करून बाहेर गेलो. मला गाडी वाचता येते. मीटर बघितला. डब्लिन ते एडिसनचा प्रवास वजा केला तर वर्षभरात गाडी जवळपास हललीच नव्हती. जी हलली ती त्यानं चालवलेली, कारण सीट पार मागे होती आणि रूळ गंजून तिथेच अडकला होता. भाची बुटकी आहे. त्या सीटवर बसून तिचा पाय ब्रेकला पोचला नसता. मग मी शेजारच्या बाजूचं दार उघडलं. आतला हँडल मुळापासून उखडलेला होता.

मी तिला बाहेर बोलावलं आणि हँडल दाखवला.

"थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं, मामा."

"मी वीस वर्षं प्लास्टिकच बघतोय. हा कुणीतरी आतून दोन्ही हातांनी धरून ठेवलेला आहे, आणि कुणीतरी बाहेरून ओढलंय."

ती ओढणीच्या टोकानं डॅशबोर्डवरची धूळ पुसत राहिली. मग म्हणाली, की मामा, आता तिसरा महिना चाललाय, आईला काही सांगू नका.

मी आत गेलो आणि सगळ्यांसमोर त्याची कॉलर धरली. प्रसादाची वाटी उलटली. तो हसला. आवाज न चढवता म्हणाला, "मामा, बीपीची गोळी घेतली का आज?" लोकांनी मलाच बाजूला ओढलं. माझ्या हातून गाड्या घेतलेल्या, माझ्याकडून उधारीवर टायर नेलेल्या माणसांनी मला समजावलं, की नवराबायकोचं आपण बघू नये, तुमचा स्वभाव जरा तापट आहे. तापट माणूस त्या खोलीत एकच होता, असं सगळ्यांचं मत पडलं. संध्याकाळी ते दोघं परत गेले. ते जाण्याआधी मी तेवढा हँडल बदलून दिला. दुसरं काही मला त्या दिवशी करू दिलं नाही.

मुलगी झाली. फोन कमी झाले. मी फोन केला की स्पीकरवर असायचा.

मुलगी वर्षाची व्हायच्या आत, एका दुपारी डब्लिनच्या पोलिसांचा मला फोन आला. शेजारच्या अमेरिकन म्हातारीनं त्यांना बोलावलं होतं. भाची मुलीला टॉवेलमध्ये गुंडाळून, पायात नुसते मोजे, बर्फात ड्राइव्हवेवर उभी होती. दार आतून बंद होतं. तिला दुसऱ्या कुणाचाच नंबर पाठ नव्हता, माझ्या लॉटचा होता.

मी गाडी काढली आणि डब्लिनला गेलो. तोवर त्याला एक रात्र ठेवून सोडलं होतं आणि जवळ जायचं नाही अशी तात्पुरती कोर्टाची ऑर्डर काढली होती. भाची आणि बाळ बायकांच्या आश्रयघरात होती. तिथे पुरुषाला आत सोडत नाहीत, पत्ताही सांगत नाहीत. मला ती वकिलाच्या ऑफिसात भेटली. तिचा हात प्लास्टरमध्ये होता. वकील एक तरुण अमेरिकन बाई होती, फुकट काम करणारी, मनापासून करणारी. तिनं समजावून सांगितलं. कागदोपत्री हा त्याचा पहिलाच प्रसंग आहे. पहिल्या प्रसंगाला कोर्ट बहुतेक राग आवरायच्या क्लासला पाठवतं. मुलीच्या बाबतीत, पहिलाच प्रसंग म्हणून बापाला मुलगी ठरलेल्या दिवशी न्यायची परवानगी मिळेल, आणि आईला राज्य सोडून न्यू जर्सीला जायला मिळेलच असं नाही. मागचा काही इतिहास असेल तर चित्र बदलतं.

मी म्हणालो, इतिहास आहे. ती म्हणाली, दाखवा.

तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. भाचीला आणि मुलीला एडिसनला आणायचं, आणि त्यासाठी हा माणूस पहिल्यांदा मारत नाहीये, हे दाखवायचं.

डब्लिनच्या लायब्ररीत कॉम्प्युटरवर बसलो. लहान मुलांना त्रास देणाऱ्या माणसांची यादी तेव्हा सरकारनं लोकांसाठी उघडली होती, फोटोसकट, गल्लीसकट. आमच्या एडिसनमध्ये सगळ्या आया ती बघायच्या आणि हॅलोविनला मुलं घरोघर खाऊ मागत फिरतात तेव्हा कुठलं घर टाळायचं ते ठरवायच्या. बायकांना पुन्हा पुन्हा मारणाऱ्यांची अशी यादी असणारच, असं मी धरून चाललो. ओहायोत शोधलं, मॅसॅच्युसेट्समध्ये शोधलं. नव्हती. पोलिसांच्या काउंटरवर गेलो. तिथल्या बाईनं नम्रपणे सांगितलं, की कोर्टाकडे आपापल्या नोंदी असतात, पण त्या लोकांनी बघायच्या नसतात आणि एका राज्यातल्या दुसऱ्या राज्यात आपोआप दिसतात असंही नाही. मी म्हणालो, जुन्या गाडीची दिसते. ती म्हणाली, सर, आवाज कमी करा. मी आवाज कमी केला नाही, तेव्हा एका पोलिसानं मला दारापर्यंत सोडलं.

बाहेर गाडीत बसून मी श्रूजबरीच्या वहिनींना फोन लावला. काय झालं ते सांगितलं. त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, "भाऊ, त्या पहिल्या मुलीला मीच हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. दोनदा."

मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बोलून झाल्यावर मी म्हणालो, की आता एकच करा, तिचा नंबर द्या. त्यांनी दिला.

पहिली बायको श्रूजबरीजवळच एका लॅबमध्ये नोकरी करत होती. इथलं मानवलं नाही म्हणून परत गेलेली नव्हती. ती कधी परत गेलीच नव्हती. इंडियन ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये भेटायचं ठरलं. ती माझ्या गाडीत बसली, दार अर्धवट उघडं ठेवून. मी ते बंद करा म्हणालो नाही. शांत मुलगी होती. भाचीचं सगळं ऐकलं, प्लास्टर कुठल्या हाताला आहे ते विचारलं, आणि स्वतःचा डावा हात मांडीवरून उचलून दुसऱ्या हातात धरला.

मी म्हणालो, तुम्ही फक्त कोर्टात येऊन सांगा. जायचं-यायचं सगळं मी बघतो.

"काका, मी केस मागे घेतली होती. कागदावर काहीच नाही."

"का घेतलीत?"

"त्याला शिक्षा झाली असती तर त्याचा व्हिसा गेला असता. माझा त्याच्यावरच होता. परत गेले असते तर धाकटीचं लग्न अडलं असतं. त्याच्या वडिलांनी हे सगळं मला नीट समजावून सांगितलं. फार सभ्य आहेत ते."

मी तिला यादीचं सांगितलं. अशी यादी हवी, सरकारनं करायला हवी, तुमच्यासारख्यांनी मागायला हवी, वगैरे बरंच बोललो. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"यादी असती तरी त्याचं नाव तिच्यात नसतं, काका. शिक्षा झालेल्यांची यादी असते ना? आपल्यातल्या कुणाला शिक्षा होते? सगळ्या माझ्यासारखंच करतात." मग म्हणाली, "आणि समजा असतं. त्याचा फोटो लागला, की लोक म्हणणार, ह्याची बायको कोण होती बरं? तुम्हाला वाटतं तिथे एकाच माणसाचा फोटो लागतो."

मी म्हणालो, लागू दे ना, तुम्ही काय चूक केलीत? आवाज चढला असावा, कारण तिनं दार आणखी उघडलं.

"माझं आता जमतंय, काका. मुलगा चांगला आहे. माझ्याबद्दल चौकशीचे फोन चालू आहेत." ती उतरली. मग खाली वाकून खिडकीतून म्हणाली, "मी त्यातून बाहेर आलेय हे अजून माझं मलाच नीट पटत नाही. मला पुन्हा त्याच्यासमोर उभं करू नका."

मी हट्टी माणूस आहे. नाही म्हणणाऱ्याला पार्किंगमधून परत फिरवून गाडी विकलेली आहे. तिला मी परत बोलावलं नाही.

भाचीच्या नवऱ्याचे वडील पुण्याहून आले. निवृत्त माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. भेटीसाठी त्यांनी एक डोनटचं दुकान निवडलं, लोकांच्या वर्दळीचं. बहुधा माझ्याबद्दल ऐकून आले होते. बसल्या बसल्या म्हणाले, की तुम्ही व्यवहारी माणूस आहात असं ऐकलंय, मला त्याचं बरं वाटतं.

व्यवहार साधा होता. खटल्यात साक्ष द्यायला भाचीनं उभं राहायचं नाही, म्हणजे खटला आपोआप पडेल आणि त्याचा व्हिसा वाचेल. मनाईची ऑर्डर पुढे वाढवून मागायची नाही. बदल्यात तो घटस्फोट देईल. भाचीला इथे शिकायला प्रवेश मिळून तिचा स्वतःचा व्हिसा होईपर्यंत घटस्फोट थांबवेल. मुलगी आईकडे न्यू जर्सीत राहील. दोघींचे पासपोर्ट परत. त्यांनी हे इतक्या गोड आवाजात मांडलं, की मला पार्किंगमधल्या त्या मुलीचे शब्द आठवले.

मी सौदा केला. हो, केला. तो मुलीला उन्हाळ्यात महिनाभर नेणार होता, ते मी काढायला लावलं. मी टेबलावर हात आपटला, कॉफी सांडली, काउंटरवरचा माणूस बघायला लागला, आणि म्हाताऱ्यानं ते कलम सोडलं. मग पेपर नॅपकिननं टेबल पुसता पुसता त्यांनी त्यांचं शेवटचं मागितलं.

"एक छोटी गोष्ट. झालं ते झालं. तुमच्याकडून कुणीही, कुणाजवळही याबद्दल बोलायचं नाही. बोललात, तर मुलगी कुठे राहणार हे पुन्हा कोर्टात जाईल."

"त्याला तिसरी बघणार आहात."

"त्याचंही आयुष्य आहे, हो."

मी भाचीला जाऊन सांगितलं. तिचं तोंड बंद होणार हेही सांगितलं. तिनं बाळाला खांद्यावर घेतलं होतं. म्हणाली, "मामा, मला फक्त ही हवीय. बाकी त्यांना काय हवं ते लिहू द्या." साक्ष न द्यायचं कागदावर काही आलं नाही, तसलं लिहिणं गुन्हा असतो. वकीलबाई म्हणाली, हे मी ऐकलेलं नाही. गप्प राहायचं मात्र घटस्फोटाच्या कागदात आलं, दोन्ही बाजूंसाठी सारखं, आणि त्याखाली सही झाली. मला आज विचाराल तरी मी हाच सौदा करीन. ज्यांना याहून चांगला मिळवता आला असता, ते मंडळाचे लोक तेव्हा आरतीचं तबक धरून उभे होते.

दोघी एडिसनला आल्या. भाची कॉलेजला जायला लागली. स्वयंपाकघरातले माझ्या बायकोचे डबे एकेक करून मार्करच्या अक्षरांनी भरले. तिची मुलगी, म्हणजे माझी नात, लॉटवर यायची, गाड्यांत बसून हॉर्न वाजवायची, आणि मी ओरडलो की इंग्रजीत म्हणायची, आजोबा, यू आर टू लाउड. दोन वर्षं गेली. मला वाटायला लागलं, की जिंकलो.

एका शनिवारी सकाळी लॉटवर पुण्याचा फोन आला. आवाज पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा. आपण मला ओळखत नाही, म्हणाले. मंडळाच्या कुणाकडून तरी नंबर मिळवला होता. हवापाण्याचं बोलले. मग म्हणाले, की मुलीसाठी डब्लिनचं एक स्थळ आलंय.

डब्लिन हा शब्द मी मोठ्यानं परत उच्चारला असणार, कारण ऑफिसात पुस्तक घेऊन बसलेली भाची उठून उभी राहिली. नात तिच्या पायाशी होती. भाचीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. नको.

पलीकडे ते सांगत होते, की तुमच्या भाचीचं त्याच्याशी पटलं नाही हे त्यानं स्वतःहून सांगितलं, दोन्ही लग्नांचं प्रांजळपणे सांगितलं, आम्हाला ते फार आवडलं. फक्त एक विचारायचंय, बाप म्हणून. तुम्ही तुमची मुलगी दिली असती का?

"दिली होती," मी म्हणालो.

"हो, ते माहीत आहे. म्हणजे, आता विचारलं तर?"

मी गप्प झालो.  पलीकडून हॅलो हॅलो ऐकू येत होतं. श्रूजबरीच्या वहिनी अशाच गप्प बसल्या होत्या. फरक एवढाच, की त्यांना कुणी धमकी दिली नव्हती, आणि माझ्यासमोर नात बुटाचा वेलक्रो लावत होती, काढत होती.

"साहेब," मी म्हणालो, "मला बोलायची परवानगी नाही. तसा कागद करून घेतलाय. माणूस असा कागद कशासाठी करून घेत असेल, याचा विचार करा."

"मामा," भाची म्हणाली.

पलीकडचा माणूस मग म्हणाला, "अहो, अमेरिकेत घटस्फोट म्हटला की कागद आलेच. असो. तुम्ही वाईट काही सांगितलं नाहीत, त्यातच आलं. थँक यू." मागे कुणी बाई विचारत होती, काय म्हणाले, काय म्हणाले. तो तिला म्हणाला, "काही नाही गं, तसं काही नाहीये." आणि फोन बंद झाला.

लग्न झालं. पण त्या भल्या माणसानं होणाऱ्या जावयाला सगळं विचारलं असणार, कागदाचंसुद्धा, कारण महिन्याभरात वकिलाचं पत्र आलं. आम्ही कराराचा भंग केला होता. मी जेवढं बोललो तेवढं त्या मुलीला वाचवायला पुरलं नाही आणि आमच्या मुलीला गोत्यात आणायला पुरलं. आता त्याच्याकडे घर होतं, नवी बायको होती, कागदावर एकही डाग नव्हता. आमच्याकडे तापट मामा होता. कोर्टानं सगळी मुलगी त्याला दिली नाही, हे आमच्या वकिलाच्या मते फार चांगलं झालं. सुट्टीचा एक महिना दिला. डोनटच्या दुकानात टेबलावर हात आपटून मी काढायला लावलेला तोच महिना.

पहिल्या उन्हाळ्यात भाचीनं नातीची बॅग भरली. प्रत्येक फ्रॉकवर, प्रत्येक मोज्यावर मार्करनं तिचं नाव लिहिलं, आणि त्याखाली माझ्या लॉटचा फोन नंबर. मोज्यावर नंबर मावत नव्हता तरी लिहिला.

ठरलेल्या वेळी आम्ही नातीला फोन करतो. फोन नेहमी त्याची नवी बायको उचलते. बारीक आवाज आहे. नात तिला मावशी म्हणते, आणि ती नातीचे केस नीट विंचरते असं ऐकून भाचीला बरं वाटतं. कराराप्रमाणे मला तिच्याशी काही बोलता येत नाही. एके दिवशी नात बाथरूममध्ये होती, म्हणून ती म्हणाली, दोन मिनिटं होल्ड करा हं, काका. मला राहवलं नाही. मी गाड्या विकतो, गाड्यांबद्दल विचारायला मला कुठल्या कागदाची बंदी नाही.

"गाडी चालवतेस का गं तू?" मी विचारलं.

"लायसन्स आहे," ती म्हणाली. "पण अजून गरज नाही पडली. कुठे जायचं असलं तर हेच नेतात."